१०८०पी वरून १४४०पी आणि पुढे ४के: आहे तोच पीसी टप्प्याटप्प्याने कसा वाढवायचा

एकरकमी दीड-दोन लाख टाकून नवा पीसी घेणं सगळ्यांना जमत नाही, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना गरजही नसते. २०१९ ते २०२१ च्या सुमाराला घेतलेला एक पीसी खूप घरांत आहे: रायझन ५ ३६०० प्रोसेसर (सीपीयू), बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड (जीपीयू), आणि २४ इंची १०८०पी मॉनिटर. माझाही साधारण असाच होता, म्हणून खाली सगळीकडे तोच नमुना धरलाय. इंटेलवाल्यांनी सीपीयू आणि बोर्डाचा भाग आपल्या सॉकेटप्रमाणे वाचायचा, बाकी सगळं तेच.

एक गोष्ट आधीच सांगतो. अपग्रेडमध्ये पैसे वाया जातात ते चुकीच्या पार्टमुळे कमी आणि चुकीच्या क्रमामुळे जास्त. आज कार्ड घेतलं, मग कळलं की पीएसयू (पीसीला वीज पुरवणारा डबा) पुरत नाही, पीएसयू आणला तर कॅबिनेटमध्ये कार्ड बसत नाही, सगळं बसवलं तर मॉनिटर अजून १०८०पीच. प्रत्येक पार्ट चांगला, पण खेळताना फरक शून्य.

हाताशी काय काय हवं

- सध्याच्या सगळ्या पार्ट्सची बिलं, आणि बिल नसेल तर निदान बॉक्सवरचा सीरियल नंबर
- बोर्डाचं नेमकं मॉडेल आणि रिव्हिजन (बोर्डावरच छापलेलं असतं, सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्येही दिसतं)
- पीएसयूच्या अंगावरच्या लेबलचा स्पष्ट फोटो
- मेजरिंग टेप
- बऱ्यापैकी लांब, टोकाला चुंबक असलेला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर
- बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटसाठी एक पेनड्राइव्ह, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला
- एमएसआय आफ्टरबर्नर (खेळताना आकडे दाखवतं), जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवतं) आणि डीडीयू (जुने ड्रायव्हर साफ करतं), तिन्ही प्रोग्रॅम फुकट मिळतात

१. कुठे थांबायचंय ते आधी ठरवा

आकडे बघा. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, आणि ४के म्हणजे ८२.९ लाख. म्हणजे १४४०पी ला पावणेदोन पटीच्या किंचित वर काम आणि ४के ला बरोब्बर चौपट. हे जास्तीचं काम जवळपास सगळं ग्राफिक्स कार्डावर पडतं, सीपीयूला रिझोल्युशनचं फारसं काही वाटत नाही कारण त्याला शत्रू कुठे पळतोय, गोळी कुठे लागली, हेच मोजायचं असतं, ते चित्र किती बारीक आहे त्यावर अवलंबून नाही.

म्हणून "हाय रिझोल्युशनला भारी प्रोसेसर लागतो" असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला. भारी प्रोसेसर लागतो तो १०८०पी वर २४० एफपीएस (सेकंदाला २४० चित्रं) काढणाऱ्यांना.

माझं मत स्पष्ट आहे, बहुतेकांनी १४४०पी वरच थांबावं. २७ इंचात १४४०पी घेतलं तर इंचाला सुमारे १०९ पिक्सेल येतात, २४ इंची १०८०पी वर ९२ येतात, फरक पहिल्या दिवशीच दिसतो. ४के ची मजा ३२ इंचात किंवा टीव्हीवर, कंट्रोलर घेऊन सोफ्यावर बसणाऱ्यांना. तसे खेळत असाल तर ४के ठरवा, पण मग पीएसयू आणि कॅबिनेट पहिल्या दिवसापासून त्या हिशोबाने घ्या. आणि २७ इंची १०८०पी मॉनिटर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, इंचाला ८२ पिक्सेल, अक्षरं फुटलेली दिसतात.

२. एक रुपया खर्च करायच्या आधी मोजून घ्या

ही पायरी लोक उड्या मारून ओलांडतात आणि सगळ्यात उपयोगाची हीच आहे.

आफ्टरबर्नर टाका, त्यातून ऑन-स्क्रीन डिस्प्ले चालू करा आणि चार आकडे दाखवायला लावा: एफपीएस, जीपीयू वापर, जीपीयूची मेमरी, आणि तापमान. तुम्ही खरंच खेळता ते गेम अर्धा-अर्धा तास खेळा. जीपीयू वापर ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्ड पुरतं थकलंय, कार्ड बदललं की फरक पडेल. जीपीयू ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतोय आणि तरीही एफपीएस कमी, शिवाय तुम्ही एफपीएसवर लिमिट किंवा व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) लावलेलं नाही, तर अडलंय सीपीयूपाशी. अजून शंका असेल तर सेटिंग तेच ठेवून फक्त रिझोल्युशन ७२०पी करा, एफपीएस जागचे हलले नाहीत तर सीपीयूच.

आता खरी गंमत. १४४०पी मॉनिटर नसताना १४४०पी चा भार आत्ताच्या पीसीवर टाकून बघता येतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये मॅनेज ३डी सेटिंग्स मध्ये जा, तिथे डीएसआर फॅक्टर्स असं एक खातं आहे, त्यात १.७८ वर टिक करा, अप्लाय करा. स्क्रीन एकदा काळी होऊन परत येते. आता गेमच्या रिझोल्युशनच्या यादीत २५६० बाय १४४० दिसायला लागेल. ४.०० वर टिक केलं तर ४के दिसेल. यादीत नाही दिसलं तर गेम बॉर्डरलेस मध्ये चालू असेल, एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीन करा नाहीतर डेस्कटॉपचंच रिझोल्युशन आधी वाढवा. एएमडी कार्डवाल्यांना हेच ॲड्रेनलिन या एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हर्च्युअल सुपर रिझोल्युशन नावाने मिळेल. चित्र १०८०पी मॉनिटरवरच येणार म्हणून दिसायला फार फरक नाही, पण कार्डाला घाम तेवढाच फुटतो, आणि आपल्याला तेच बघायचंय. सायबरपंक २०७७ सारख्या काही गेममध्ये आतच बेंचमार्क दिलेला असतो, तो असेल तर उत्तम, दर वेळेस तोच सीन चालतो.

आकडे वहीत लिहा किंवा फोनमध्ये टाका, प्रत्येक टप्प्यानंतर हीच टेस्ट परत करायचीये.

३. पीएसयू आणि कॅबिनेट

कंटाळवाणा खर्च, एक एफपीएस वाढत नाही, म्हणून सगळे शेवटी ढकलतात. पण हे दोन पार्ट पुढची दोन-तीन कार्डं बघतात, म्हणून नंबर पहिला यांचा.

पीएसयूचं लेबल वाचायला शिका. मोठ्या अक्षरात ६५० वॅट लिहिलंय त्याला भुलू नका, खाली छोट्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर दिलेले असतात ते बघा आणि १२ ने गुणा. कार्ड आणि सीपीयू दोघेही खातात ते याच लाइनवर. एका स्वस्त "६५० वॅट" वर तिथे ३८ अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे झाले ४५६ वॅट. चांगल्या ६५० वर ५४ च्या आसपास असतात, ६४८ वॅट, हिशोब जुळतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या पीएसयूबद्दल तर बोलायलाच नको.

८० प्लस ब्राँझ, गोल्ड वगैरे म्हणजे विजेचा किती भाग वाया जातो त्याचा शिक्का. क्वालिटीचा दाखला नव्हे, तरी निदान तो असावा. वॉरंटी किती वर्षांची आहे त्यावरून जास्त कळतं, ५ वर्षांच्या खाली नको.

किती वॅटचा? कार्ड कंपन्या स्वतः किमान आकडा सांगतात: आरटीएक्स ५०६० टीआय ला ६०० वॅट, आरटीएक्स ५०७० ला ६५०, आरटीएक्स ५०७० टीआय आणि आरएक्स ९०७० एक्सटी ला ७५०. १४४०पी पाशी थांबणार असाल तर चांगला ७५० घ्या आणि विषय संपवा. ४के ठरवलं असेल तर ८५०.

दोन इशारे. मॉड्युलर पीएसयू बदलताना जुन्या पीएसयूच्या केबल नव्याला लावू नका, खटका तोच बसतो पण आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते, एसएसडी क्षणात जळतात. आणि मोलेक्सवरून कार्डाला वीज द्यायचे दोन-तीनशे रुपयांचे जोड मिळतात ते अजिबात नको.

कॅबिनेटमध्ये पुढच्या पंख्यापासून मागच्या पट्टीपर्यंत टेप लावून मोजा. हल्लीची तीन पंख्यांची कार्डं ३० सेंटीमीटरच्या वर सहज जातात, जाडीला अडीच-तीन स्लॉट घेतात. पुढचा भाग जाळीचाच हवा, काचेच्या तोंडाचं कॅबिनेट शोकेसमध्ये छान दिसतं पण मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीतच चाळीसच्या वर पारा असतो, तिथे त्याची भट्टी होते.

यूपीएसचंही इथेच बघून घ्या. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. नवं कार्ड लावून गेम चालू असताना लाइट गेली तर तो बॅकअप देत बसणार नाही, टॅं करून बंद पडेल. आणि सॉकेटला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी ते काम.

४. ग्राफिक्स कार्ड

बजेटचा मोठा घास इथे. १४४०पी साठी माझा नियम एकच, नव्याने घेताना ८ जीबीचं कार्ड घ्यायचं नाही. १२ चालेल, १६ असेल तर उत्तम. मेमरी कमी पडली की सरासरी एफपीएस ठीकच दिसतो पण मधेच झटके बसतात, टेक्श्चर चिखलासारखे दिसतात, आणि ते कुठल्याही सेटिंगने धड जात नाही, टेक्श्चर खालीच आणावे लागतात. मग हाय रिझोल्युशनला गेलो कशाला?

इथे एक सापळा मुद्दाम लावल्यासारखा आहे. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्ही ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत येतात, नाव तेच, बॉक्सही जवळपास तोच. ऑनलाइन "खूप स्वस्त" दिसतंय म्हणजे ते ८ चं आहे, कार्टमध्ये टाकायच्या आधी दोनदा वाचा.

जुन्या बोर्डवाल्यांसाठी आणखी एक बारकावा, हा दुकानदार सहसा सांगत नाही. बी४५० वर पीसीआय एक्सप्रेस ३.० (कार्ड आणि बोर्ड यांच्यातला डेटाचा रस्ता) आहे. ५०६० टीआय फक्त ८ लेन वापरतं, ९०६० एक्सटी पूर्ण १६. नव्या बोर्डावर याने काही बिघडत नाही, पण ३.० वर ८ लेनचा रस्ता अरुंद होतो, आणि कार्डाची मेमरी भरली की ते सगळं सामान याच रस्त्याने रॅममध्ये ये-जा करतं. म्हणजे जुन्या बोर्डावर ८ जीबी अधिक ८ लेन हा सगळ्यात वाईट मेळ. मी याच कारणाने आमच्या नमुन्याच्या पीसीला ९०६० एक्सटी १६ जीबी सुचवीन. त्याला वीजही १६० वॅटच लागते आणि एएमडी किमान ४५० वॅटचा पीएसयू सांगते, म्हणजे सध्याचा पीएसयू चांगल्या कंपनीचा असेल तर तिसरी पायरी पुढे ढकलता येते. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबीचं आहे, कागदावर छान, पण जुन्या प्रोसेसरसोबत ते मागे पडतं, ३६०० वाल्यांनी त्याच्या नादी लागू नये.

एनव्हिडिया की एएमडी यावर भांडायला मला वेळ नाही. अपस्केलिंग (कमी रिझोल्युशनचं चित्र काढून ते मोठं करणं) दोघांकडे चांगलं झालंय: एनव्हिडियाचं डीएलएसएस सगळ्या आरटीएक्स कार्डांवर चालतं, एएमडीचं एफएसआर ४ अधिकृतपणे आरएक्स ९००० मालिकेसाठी आहे. ब्लेंडर, एआय असलं काही काम करत असाल तर एनव्हिडिया सोयीचं पडतं, नुसते गेम असतील तर भाव बघा.

सेकंड हँड घेणार असाल तर कुरिअरने मागवू नका, समोर जाऊन, पीसीला लावून, जीपीयू-झेड उघडून बघा. नाव बदललेली नकली कार्डं अजून फिरतात, जीपीयू-झेड बऱ्याचदा ती ओळखून तसं लिहून दाखवतं. नंतर वीस मिनिटं गेम किंवा स्ट्रेस टेस्ट चालवा, पंख्यांचा आवाज ऐका. विकणारा "घाई आहे" म्हणाला तर चहा पिऊन घरी या.

५. मॉनिटर

कार्ड आधी की मॉनिटर आधी, हा प्रश्न सगळे विचारतात. तुमच्याकडे आरटीएक्स ३०६० किंवा त्याच्या वरचं काही आधीच असेल तर मॉनिटर आधी घ्या, डीएलएसएस चालू करून १४४०पी निभावून जातं. १६६० सुपर असेल तर कार्ड आधी, कारण त्यावर डीएलएसएस नाही, आणि १४४०पी मॉनिटरवर १०८०पी चालवलं तर चित्र धुरकट दिसतं, पिक्सेल नीट वाटले जात नाहीत. (४के मॉनिटरवर १०८०पी चा एक पिक्सेल बरोबर चार पिक्सेलवर बसू शकतो, तिथे थोडं बरं.)

घेताना पॅनेल, रिफ्रेश रेट, फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या एफपीएसशी जुळवणारी सोय) एवढं बघा. फ्रीसिंकच्या बहुतेक मॉनिटरवर २०१९ पासून एनव्हिडिया कार्डही चालतात, त्यामुळे जी-सिंक या एनव्हिडियाच्या तशाच सोयीच्या नावाचे वेगळे पैसे देऊ नका. एचडीआर४०० चा स्टिकर बघून जास्त पैसे मोजू नका, स्क्रीनच्या तेवढ्या कमी उजेडात एचडीआरचा काही अनुभव येत नाही. डेड पिक्सेलची पॉलिसी खरेदीआधी विचारा, काही कंपन्या एक-दोन पिक्सेलला बदलून देत नाहीत.

केबल: १४४०पी ला बॉक्समधली डिस्प्लेपोर्ट केबल लावा. ४के वर एचडीएमआय २.० असेल तर ६० हर्ट्झवर गाडी अडते, १२० साठी दोन्हीकडे २.१ हवं. टीव्हीवाल्यांनी तर टीव्हीचा नेमका कुठला पोर्ट २.१ आहे ते मॅन्युअलमध्ये बघायचं, चारही नसतात.

६. सीपीयू, आणि बोर्ड शक्यतो तोच

एएम४ (बी४५० वरचा सॉकेट) वाल्यांचं नशीब इथे चांगलं आहे. बी४५० वर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० किंवा ५७००एक्स बसतो, रॅम तीच, बोर्ड तोच. ५८००एक्स३डी किंवा ५७००एक्स३डी कुठे रास्त भावात मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण आता ते सहज मिळत नाहीत आणि सेकंड हँडवाले मनाला येईल ते भाव सांगतात, तेवढे देऊ नका.

एएम५ या नव्या सॉकेटवर जायचं म्हणजे सीपीयू, बोर्ड आणि डीडीआर५ रॅम तिन्ही एकदम. २०२५ च्या शेवटापासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव कुठच्या कुठे गेलेत. दुसऱ्या पायरीत सीपीयू अडतोय असं दिसलं असेल तरच या वाटेला जा.

बायोस अपडेटचं भय बाळगू नका, पण ही काळजी घ्या:

- बोर्डाच्या नेमक्या मॉडेलच्या पानावरूनच फाइल घ्या, नवा सीपीयू कुठल्या व्हर्जनपासून चालतो ते तिथे यादीत असतं
- अपडेट जुना सीपीयू बोर्डावर असतानाच करायचं, हे उलटं झालं की स्क्रीनवर काहीच येत नाही
- बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूप) चालू असेल तर आधी सस्पेंड करा आणि रिकव्हरी की फोनवर घेऊन ठेवा, नाहीतर पीसी चालू झाल्यावर ४८ आकडी नंबर मागत बसतो
- लाइट. अपडेटच्या मधे वीज गेली तर बोर्ड मेला समजा, तो जुना ६०० व्हीएचा यूपीएस इथे मात्र पुरतो. पुण्यात गुरुवारी हे काम काढू नका, महावितरणचा मेंटेनन्सचा वार

अपडेटनंतर सगळी सेटिंग मूळपदावर जातात, म्हणून परत आत जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा. ३२०० ची रॅम कित्येकांकडे वर्षानुवर्षं २१३३ किंवा २४०० वर चालू असते आणि त्यांना पत्ताच नसतो. जाता जाता टीपीएम आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन सेटिंगही बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ११ ला हे लागतंच, आणि व्हॅलोरंटसारखे गेमही ११ वर ते तपासतात.

७. रॅम आणि एसएसडी

रॅम १६ जीबी दोन काड्यांत असेल तर तूर्तास पुरे, एकच काडी असेल तर आधी जोडी करा. गेम हार्ड डिस्कवर असतील तर एसएसडी घ्या. एनव्हीएमई (वेगवान प्रकारचे एसएसडी) मध्ये महागातलं आणि मधलं यात खेळताना फरक जाणवत नाही.

८. खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन घ्या, पण आधी तीन ठिकाणचं लेखी कोटेशन व्हॉट्सॲपवर मागवा, त्यात पूर्ण मॉडेल नंबर असलाच पाहिजे. काउंटरवर हमखास प्रश्न येतो, "बिल पक्कं की कच्चं?" कच्च्यात १८ टक्के जीएसटी वाचतो असं दाखवतात, खरं तर थोडंच कमी करतात. पक्कंच घ्या आणि बिलावर सीरियल नंबर लिहून मागा, काउंटर सोडायच्या आधी बॉक्सवरच्या नंबरशी ताडून बघा. कार्डाला बहुतेक ३ वर्षांची वॉरंटी असते आणि तिसऱ्या वर्षी हाच कागद शोधावा लागतो. थर्मल पेपरवरचं बिल वर्षात पांढरं होतं, फोटो काढून ठेवा.

अमेरिकेहून भाऊ किंवा मित्र येतोय, कार्ड आणायला सांगू का? ब्रँडची वॉरंटी भारतात चालते का ते आधी लेखी विचारा, बऱ्याच ब्रँडची चालत नाही.

ऑनलाइन पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, लेबलपासून सुरुवात करून, मधे न थांबवता.

९. बसवल्यावर

कंपनी बदलली असेल तर डीडीयू ने जुने ड्रायव्हर साफ करा, मग नवे टाका. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही (हसू नका, दर दहातला एखादा हेच करतो). डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन हर्ट्झ वाढवा, विंडोज बऱ्याचदा १६५ च्या मॉनिटरला ६० वरच ठेवतं. नवं १६ पिनचं कनेक्टर असेल तर आत पूर्ण बसेपर्यंत दाबा, फट दिसता कामा नये, तिथे अर्धवट बसलेलं कनेक्टर वितळतं.

अपस्केलिंग वापरायला लाजू नका. ४के वर क्वालिटी मोड म्हणजे आत १४४०पी चालतं, परफॉर्मन्स म्हणजे १०८०पी. १४४०पी वर क्वालिटीच्या खाली जाऊ नका, आत आधीच ९६०पी असतं. फ्रेम जनरेशन (मधली चित्रं कार्डानेच तयार करून भरणं) मूळ एफपीएस ६० च्या आसपास असेल तरच लावा, ३० चे ६० केले तर आकडा वाढतो, माऊस मात्र चिकटल्यासारखाच राहतो.

मग दुसऱ्या पायरीतली टेस्ट परत करा. आकडे मनासारखे असतील तर पुढचा टप्पा वर्षभर लांबवला तरी चालेल.

जुनं कार्ड लगेच विकू नका. ३६०० किंवा ५६०० ला ऑनबोर्ड ग्राफिक्स नसतं, नवं कार्ड पहिल्या महिन्यात आरएमएला (वॉरंटीत कंपनीकडे परत) गेलं तर स्क्रीनवर काही दिसायलाही दुसरं कार्ड लागतं. महिना-दीड महिना झाल्यावर विकायला टाका, बॉक्स आणि बिल असेल तर भाव बरा येतो. जाहिरातीतल्या फोटोत सीरियल नंबर झाकायचा, आणि गिऱ्हाईक समोर येऊन कार्ड तपासेपर्यंत बिलाचा फोटो कोणाला पाठवायचा नाही.